पलीकडच्या वाडीला ऐकू गेलं पाहिजे

आमच्या घरी मटण शिजलं की नळी कुणाच्या ताटात पडणार हे ठरलेलं असायचं. अक्काचं लग्न होईपर्यंत ती माझी होती. लग्नानंतर दाजी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा आईनं पळीनं नळी उचलली, माझ्या ताटावरून पुढं नेली आणि त्यांच्या ताटात ठेवली. वर पांढऱ्या रश्श्याची वाटी. मी तेव्हा चांगला वीस-एकवीस वर्षांचा घोडा होतो. अशा गोष्टीचं वाईट वाटून घ्यायचं ते वय नव्हे. पण वाटलं. दाजींनी ती नळी ताटाच्या कडेवर ठोकली, त्याचा टकटक आवाज मला अजून आठवतो, आणि खरं सांगतो, अजूनही आवडत नाही.

शाहूपुरीत आमचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. दुकानात रेडिओ दुरुस्त व्हायचे आणि लाऊडस्पीकर भाड्यानं मिळायचे. आबा, म्हणजे माझे वडील, ॲम्प्लिफायरला मशीन म्हणायचे आणि भोंग्याला कर्णा. दुरुस्त केलेलं मशीन तपासायची त्यांची एक पद्धत होती. बाकीचे लोक माईकमध्ये हॅलो हॅलो म्हणतात. आबा आईला विचारायचे, आज काय केलंयस गं. दुकानाच्या पत्र्यावर बांधलेल्या कर्ण्यातून हा प्रश्न सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. आई आतूनच, चुलीपुढून न उठता, ओरडून सांगायची, वांगं. तिचा आवाज कर्ण्यापेक्षा लांब जातो असं शेजारी म्हणायचे. आमच्या घरी आठवड्यातून किती वेळा वांगं होतं हे गल्लीला तोंडपाठ होतं. आईला याचा संताप यायचा, पण उत्तर द्यायची ती कधी चुकली नाही.

आमची गिऱ्हाइकं बारकी. सत्यनारायण, बारसं, तालमीच्या पोरांचा गणपती, खेड्यातल्या जत्रेत गावच्याच पोरांनी उभा केलेला ऑर्केस्ट्रा. ऐपतवाले लोक मोठ्या दुकानातून गाडी भरून सामान न्यायचे. उरलेले आमच्याकडे यायचे आणि बसायच्या आधीच सांगायचे, लई काय नको, आवाज तेवढा मोठा पायजे. अशा लोकांसाठी सामान निवडणं ही वेगळी विद्या आहे. मोठ्या कार्यक्रमाला चूक परवडते, एक माईक रुसला तर दुसरा असतो. आमच्याकडे माईक एकच. गाणारा त्यातच गाणार, पेटी त्यातच वाजणार, मधूनच सरपंच येऊन त्यातच बोलणार, आणि बोलताना तो कणसासारखा तोंडाला लावणार. तिथं नाजूक माईक चालत नाही. फार चांगला माईक सगळंच ऐकतो, मागं रडणारं पोरही ऐकतो, आणि कर्णा जवळ आला की शिट्टी मारतो. आम्हाला जरासा बहिरा माईक लागायचा. मशीन असं हवं की वीज गेली तर मोटारीच्या बॅटरीवर चाललं पाहिजे. आणि सगळा बाडबिस्तरा एसटीच्या टपावर चढला पाहिजे, तोही कंडक्टरशी भांडण न होता.

हे सगळं मला येत होतं. माल उचलून, खांबावर चढून, लोकांच्या शिव्या खाऊन आलेलं होतं. मला ते येतंय हे आबांनाही माहीत होतं. पण नवीन सामान घ्यायची वेळ आली की ते मला कधी विचारत नसत. कार्यक्रमाला मला पाठवत, सामान आणायला मला पाठवत, निवडायला नाही. बापानं एकदा तरी आपल्याकडं बघून 'तुला काय वाटतं रं' म्हणावं, एवढीच माझी त्या काळातली महत्त्वाकांक्षा होती. हसायला येतं आता. पण त्या वयात मला दुसरं काही नको होतं.

विचारायचे ते दाजींना. दाजी वारणानगरला साखर कारखान्यात वायरमन होते. सडपातळ अंग, बोलणं गोड, भांग कधी विस्कटलेला नाही. महिन्यातून एकदा अक्काला घेऊन यायचे. त्याच्या आधीचे चार दिवस आबा कुठलाही निर्णय घेत नसत. वायर कुठली आणायची, पावणं आलं की बगू. माईकचा स्टँड मोडलाय, पावणं आलं की बगू. एकदा मशीनचा साधा फ्यूज उडाला तेव्हाही हेच वाक्य त्यांच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. दाजी वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट माणसाचा हेवा करायला कष्ट पडत नाहीत. हा माणूस येताना माझ्यासाठी आठवणीनं काहीतरी आणायचा, मला 'दत्ताजीराव' म्हणायचा, आणि मी आतल्या आत जळून कोळसा व्हायचो.

त्यातच मिरजेचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यांचं सामान निघालंय असं कळलं. आम्ही तिघं गेलो. एका गोदामात सगळं मांडून ठेवलं होतं. एका बाजूला दोन लांबट कॉलम, म्हणजे उभ्या लाकडी पेट्यांत ओळीनं बसवलेले स्पीकर, पुढं मातकट जाळी. दुसऱ्या बाजूला दोन मोठे कर्णे, रंग उडालेले, पण त्यांच्या मागची, आवाज काढणारी युनिटं नवी. मी कर्ण्यांजवळ जाऊन बसलो. दाजी कॉलमजवळ. मालकानं एक तबकडी लावली. कॉलममधून तबला असा आला की बोटं दिसावीत. दाजी डोळे मिटून आबांना म्हणाले, "मामा, आवाज गोल हाय."

आवाज खरंच गोल होता. माझं दुखणं तेच होतं. तो माणूस खोटं बोलला असता तर मी भांडलो असतो. कर्ण्यातून तीच तबकडी लावली तर गाणारी बाई नाकात बोलायला लागली. तरीही मी म्हणालो की आबा, आपले कार्यक्रम उघड्यावरचे, कॉलम हॉलमध्ये चांगले, आणि टपावर चढवताना कंबर माझी जाणार. आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "पावणं बोलत्यात न्हवं? मग मदी कशाला?"

झालं. कॉलम घेतले. कर्णे कुणालाच नको होते, म्हणून मालकानं ते वर टाकले, भाजीवर कोथिंबीर टाकतात तसे. मिरजेहून येताना एसटीत कॉलम रिकाम्या सीटवर उभे केले, त्यांना आबांनी आपला रुमाल पांघरला, आणि माझी पसंती माझ्याच पायाशी, गोणपाटात. सबंध वाटभर त्या रुमालाकडं बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. दाजींचं मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला टेकलेलं. त्यांच्या आईला तिकडच्या रीतीनं सगळे अव्वा म्हणत. अव्वा शेतीवाडीची बाई, बोलायला फटकळ. आपल्या मुलानं दुकानदाराच्या घरची मुलगी केली हे तिला पटलेलं नव्हतं. अक्का माहेरी आली की चुलीपुढं बसून आईला सांगायची, सासूबाई तुम्हाला भोंगेवाले म्हणतात. पोळी लाटता लाटता सांगायची, रडत नसे. आई तिच्या ताटात तूप जरा जास्त वाढायची. आबा बाहेर दुकानात असायचे आणि मधलं दार कधी लागायचं नाही, म्हणजे त्यांनाही सगळं ऐकू जात असणारच.

आणि त्याच गावाच्या जत्रेचं काम दाजींनी आमच्याकडं आणलं. गावच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा, देवळापुढं, दिवस कलायला लागल्यावर. आबांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी कॉलमच्या जाळ्या साबणानं धुतल्या. कर्णे मात्र घरी ठेवायला सांगितलं. पावण्यांच्या गावात भंगार घेऊन जायचं नाही म्हणाले. मी ते गोणपाटात बांधून गुपचूप टपावर टाकले. कुणी म्हणेल, पोराला दूरची नजर होती. अजिबात नव्हती. दाजींची पसंती टपावरून मिरवत जावी आणि माझी घरात धूळ खात पडावी हे मला बघवत नव्हतं, एवढंच.

गावात पोचलो तर आमचं स्वागत जोरात. आबांना खुर्ची, देवळासमोरच्या दाजींच्या अंगणात शेंगांची चटणी आणि भाकरी, अव्वा उंबऱ्यात उभी राहून सामान निरखत होती. कॉलम बघून ती म्हणाली, कपाटं आणलासा काय. अक्का आतून ऐकत होती. मी देवळापुढं कॉलम उभे केले, वायरी ओढल्या, माईक लावला. पोरांनी पहिलं गाणं सुरू केलं आणि आवाज असा मऊ पसरला की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या माना हलवायला लागल्या. दाजींच्या तोंडावर समाधान. आबा खुर्चीत ताठ बसले होते. मला अन्न गोड लागेना अशी अवस्था.

तेवढ्यात एक गडी सायकलवरून घाम पुसत आला. जत्रेचा कारभार बघणारे बंडूतात्या त्याची वाट बघत उभेच होते. हा काय प्रकार ते आबांना आणि मला ठाऊक नव्हतं. गड्यानं मान हलवली. नदीपलीकडच्या वाडीत काही ऐकू येत नाही म्हणाला. बंडूतात्यांनी गाणं थांबवलं आणि ते तडक आबांपुढं आले.

आबा म्हणाले, आवाज चांगला आहे की, सगळे ऐकतायत.

"हितल्यास्नी कशाला पायजे? हितली तर बसल्यातच की," बंडूतात्या म्हणाले. "गेल्या जत्रेला त्या वाडीचा कर्णा आमी आठ दिस ऐकलाय. आता आमचा त्यांनी ऐकायला पायजे. न्हाय ऐकू गेला तर जत्रा झाली म्हणून कोण म्हणंल?"

असा रिवाज त्या बाजूला होता, आणि गोल आवाजाच्या नादात दाजीही तो विसरले होते. कार्यक्रम सुरू झाला की सायकलवर माणूस पाठवायचा, शेजारच्या गावाच्या वेशीवर उभं राहून त्यानं कान द्यायचा आणि परत येऊन सांगायचं. लाऊडस्पीकर आलेल्यांसाठी नसतो, न बोलावलेल्यांसाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. या धंद्यात चाळीस वर्षं काढल्यावर सांगतो, लोक आवाजाच्या गोडीसाठी पैसे देत नाहीत, शेजाऱ्याच्या पोटात दुखावं म्हणून देतात. हल्ली आमच्या गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा ट्रॅक्टरवर खोक्यांची भिंत असते, खिडकीची तावदानं वाजतात, आणि नातू मला विचारतो, एवढा मोठा आवाज कशाला लावतात. मी त्याला त्या सायकलवाल्याची गोष्ट सांगतो. त्याला ती खोटी वाटते.

आबांचा चेहरा उतरला. दाजींचा त्याहून. अव्वा बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिच्या ओठांवर काय यायचं ते दिसत होतं. आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दाजींची पसंती, दाजींच्या गावात, दाजींच्या आईसमोर आपटली होती. असा दिवस देव रोज देत नाही. मग माझी नजर अक्काकडं गेली. ती दारात पदराचं टोक चावत उभी होती. मी उठलो, गोणपाट सोडलं, कर्णे काढले आणि देवळाशेजारच्या कडुलिंबावर चढलो.

लिंबाच्या शेंड्याजवळ दोन फांद्यांना मी ते बांधले, तोंडं नदीकडं, वाडीच्या दिशेनं. खाली कॉलम तसेच ठेवले, म्हणजे बसलेल्यांना गोड आणि लांबच्यांना मोठं. मशीन तेच. फक्त वायर वाटून घेतली. दाजी खाली उभे राहून मला वायर पुरवत होते. मी वरून 'सोडा' म्हटलं. पोरांनी पुन्हा गाणं धरलं आणि माझ्या कानाशीच कर्णा फुटला. गाणारा नाकात गात होता, पण काय गात होता. नदीवरचे बगळे उठले. सायकलवाला पुन्हा गेला. तो परत येईपर्यंत मी वरच बसून राहिलो, एक कर्णा जरा सैल होता त्याला हात लावून. तो आला तो दोन्ही हात सोडून सायकल चालवत. वाडीतली माणसं घरातनं बाहेर आल्यात, त्यांच्या भजनाला काय ऐकू येईना, असं तो लांबूनच सांगत आला.

मग काय, गाव खूश. बंडूतात्यांनी आबांना हाताला धरून माईकपुढं नेलं. ही कुणाची अक्कल, सांगा म्हणाले. आबांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, माईकमध्ये त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारलेला. त्यांनी घसा साफ केला. मी झाडावर, खाली मान घालून, तोंडावर येणारं हसू आवरत बसलो होतो. आता माझं नाव येणार याबद्दल मला शंका नव्हती.

आबा म्हणाले, "ही सगळी आमच्या जावईबापूंची पसंती. आमाला काय कळतंय? सामान त्यांनीच निवडलं, कुटं काय बांधायचं त्यांनीच सांगितलं."

हे मी कर्ण्यातून ऐकलं. माझ्या हातानं बांधलेल्या, मी मिरजेहून पायाशी घेऊन आलेल्या कर्ण्यातून, कानापासून हातभर अंतरावर. माझा हात त्यावरच होता आणि दाजींचं नाव घेताना तो पत्रा थरथरलेला मला तळव्याला कळला. सबंध गावानं ऐकलं. नदीपलीकडच्या वाडीनंही ऐकलं. टाळ्या पडल्या. अव्वानं कडाकडा बोटं मोडून मुलावरनं दृष्ट काढली आणि मग, सगळ्या बायकांसमोर, अक्काच्या पाठीवर हात ठेवला. दाजी वर बघत होते, माझ्याकडं. तोंड उघडलं त्यांनी, पण आईचा हात अक्काच्या पाठीवर होता, तो त्यांनीही पाहिला होता. त्यांनी तोंड मिटलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मिटलं असतं. तरीही त्या क्षणी दाजींचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात पुन्हा कुणाचा वाटला नाही. आबांनी तसं का केलं हे कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. कारण कळलं म्हणून जळणं थांबत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी एसटीत आबा आणि मी मागच्या सीटवर बसलो. अक्कानं वाटेसाठी दिलेल्या दशम्या आबांनी सोडल्या, एक माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. त्यांनी विचारलं, का रं गप. मी म्हणालो की कर्णे मी आणले, तुम्ही नको म्हणत असताना आणले, झाडावर मी चढलो.

"मग?" आबा म्हणाले.

"मग तुमी दाजींचं नाव घेतलासा."

आबांनी दशमीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. त्यांना उत्तर शोधावं लागत नव्हतं. मी हे विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं होतं.

"आनि कुणाचं घ्यायचं? तुझं?" ते म्हणाले. "तू काय पावणा हाईस व्हय?"

मी दशमी घेतली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी तेव्हापासून कुणाला समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. कोल्हापूरला उतरल्यावर आबांनी मला दुकानाच्या कपाटाची किल्ली दिली आणि बॅटरीवरचं नवीन मशीन घ्यायचं आहे, जाऊन बघून ये म्हणाले, एकट्यानं. त्यानंतर आमच्या दुकानातलं प्रत्येक मशीन, प्रत्येक माईक, प्रत्येक युनिट मी निवडलं. आबांनी एकदाही नको म्हटलं नाही, आणि एकदाही 'तुला काय वाटतं' असं विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की नव्या सामानावर हात ठेवून सांगायचे, आमच्या पावण्यांची पसंती. शेवटच्या आजारपणात बघायला आलेल्या माणसांनाही तेच सांगत होते. मी त्यांच्या उशाशी बसून पाय चेपत होतो. घरचा माणूस म्हणून त्यांनी सगळं दुकान माझ्या हातात ठेवलं, हे मला कळत होतं, दुसरं कुणी असतं तर त्याचं त्यात भागलं असतं. माझं भागलं नाही. एका संध्याकाळपुरतं का होईना, मला माझ्या बापाच्या घरी पावणा म्हणून जायचं होतं.